वेगवान आरसी एअरबोट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, मॉडेल एअरबोटींबद्दलचे प्रश्न बहुतेक वेळा मोटरपासून सुरू होतात. कुठली घेऊ, किती केव्हीची (हा मोटरच्या फेऱ्यांचा आकडा) घेऊ, अजून मोठी बसेल का? माझी उत्तरं मात्र फिरून फिरून तळापाशी आणि तोलापाशी येतात. मोटरचं गणित खाली आहेच. पण घाईत असाल तर आधी उलटण्याविषयीचे दोन प्रश्न वाचा, मग बाकीचे.

एअरबोट म्हणजे नेमकं काय?

जिचा पंखा पाण्यात नाही, डेकच्या वर हवेत फिरतो, ती एअरबोट. पाण्याखाली शाफ्ट (पंख्याचा दांडा) नाही, रडर (सुकाणू) नाही, काहीच नाही. तळ सपाट असल्यामुळे बोटभर पाण्यातूनसुद्धा बोट निघून जाते. शेवाळ किंवा पाणवनस्पती गुंडाळायला पंखाच खाली नसतो. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत माणसांना घेऊन फिरणाऱ्या मोठ्या बोटी याच जातीच्या. कल्पना तशी जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या चमूने १९०५ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात अशी बोट चालवली होती, तीही विमानांचे पंखे आणि इंजिनं तपासण्यासाठी. नाव ठेवलं होतं ‘अग्ली डकलिंग’. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पहिल्या बोटीला हे नाव शोभतं.

पाण्यातल्या पंख्याच्या बोटीपेक्षा ती जास्त पळते का?

तेवढ्याच बॅटरीत बहुधा नाही. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट आहे, म्हणून पाण्यातला अंगठ्याएवढा पंखा जो जोर देतो, त्यासाठी हवेत वीतभर पंखा लागतो. एअरबोटीची कमाई दुसरीकडे आहे. पाण्याखाली ओढणारं काही नसल्यामुळे बोट एकदा तळावर उचलली गेली की पाण्याचा अडथळा झपाट्याने कमी होतो.

मर्यादा कुठवर नेता येते हे बघायचं असेल तर तारेला बांधून गोल फिरवल्या जाणाऱ्या स्पर्धेच्या बोटी बघा. ‘नाविगा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत बी१ नावाचा वर्ग आहे. अडीच सीसीचं इंजिन आणि हवेतला पंखा. या बोटी ताशी २०० किलोमीटरच्या वर जातात. दिसायला त्या बोटी कमी, पंख छाटलेली विमानं जास्त वाटतात, आणि ते साहजिक आहे. पण त्यांना वळायचं नसतं आणि वाऱ्याला तोंड देत कुठे जायचंही नसतं. आपल्याला दोन्ही करायचं असतं.

पहिली बोट केवढी बांधू?

लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी २८ ते ३०, सगळं धरून वजन ८०० ग्रॅमच्या आसपास. याहून लहान बोट हलकी होते, पण तिला पाण्यावरची प्रत्येक लहर डोंगरासारखी लागते. ६० सेंटिमीटरच्या बोटीला ५ सेंटिमीटरची लाट म्हणजे ६ मीटरच्या खऱ्या बोटीला अर्ध्या मीटरची लाट. बोट लहान केली म्हणून तलाव लहान होत नाही.

वजनाचा हिशोब कागदावर आधी मांडा. साधारण असा येतो: रिकामी बोट ३००, बॅटरी १९०, मोटर ६०, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ४०, मोटरचा मनोरा (ती डेकच्या वर उंच धरणारा सांगाडा) आणि पंख्याची जाळी मिळून ८० ते १००, रडर, सर्व्हो (रडर वळवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) मिळून ८०. रंग आणि इपॉक्सी हे दोघे न बोलावता येणारे पाहुणे, त्यांच्यासाठी ३०-४० ग्रॅम सोडा. माझी दुसरी बोट कागदावर ७८० ग्रॅमची होती आणि तराजूवर ११२० ग्रॅमची. फरक सगळा ‘मजबुतीसाठी अजून एक थर’ या मोहाचा.

तळाचा आकार कसा ठेवायचा?

इथे घालवलेला एक दिवस मोटरवर घालवलेल्या महिन्याला भारी पडतो.

बोट पाण्यात बसून चालते तोवर तिचा वेग लांबीशी बांधलेला असतो. ६० सेंटिमीटरच्या बोटीला ती मर्यादा ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास येते. म्हणजे आपण सावकाश चालतो त्याहूनही कमी. स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर बोट अडकते. तिथून सुटायचं तर तळावर उचलून पाण्यावर घसरायला लागायचं. सपाट तळ हे काम सगळ्यात सोपं करतो, म्हणून पहिल्या बोटीला सपाटच तळ द्या. नाकाकडचा पुढचा चौथा-पाचवा भाग वर वळवा, स्लेजसारखा.

सपाट म्हणजे मात्र खरोखर सपाट. स्टीलची पट्टी मागच्या कडेपासून पुढे धरून उजेडासमोर बघा. तळाच्या मागच्या भागात मध्ये खोलगटपणा असेल आणि शेवटची कड खाली झुकत असेल, तर बोट वेगात नाक दाबते आणि ओढ वाढते. उलट पोट फुगलेलं असेल तर नाक वर-खाली नाचायला लागतं. फोमच्या पत्र्यात एक मिलिमीटरचा बाक सहज येतो, आणि त्या एका मिलिमीटरचा परिणाम हातातल्या रिमोटवर कळतो.

दुसरी गोष्ट मागच्या कडेची. ती धारदार हवी, काटकोनात संपणारी. कड गोल झाली की पाणी तिला चिकटून वर वळतं आणि बोटीचं शेपूट खाली खेचतं. सँडपेपरने सगळं गुळगुळीत करायची सवय इथे नडते. मी मागच्या कडेला पातळ प्लायची किंवा कार्बनची पट्टी लावतो, म्हणजे घासताना ती झिजत नाही.

सपाट तळ हाताशी बसला की पुढचा टप्पा तीन टेकूंचा: पुढे दोन बाजूंना दोन छोटे तळ, मागे एक, आणि मधली जागा पाण्यापासून उचललेली. वेगात बोट तीन पंजांवर टेकते, बाकीची हवेत. पुढच्या टेकूंचा तळ पाण्याशी दोन ते चार अंशांचा कोन करून ठेवतात. वेग इथे खूप मिळतो, आणि उलटण्याची शक्यताही.

मोटर, पंखा, बॅटरी यांचं गणित कसं करायचं?

केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर मोकळी असताना मिनिटाला किती फेरे मारते तो आकडा. २३०० केव्हीची मोटर ३एस लायपोवर (तीन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर), म्हणजे ११.१ व्होल्टवर, मोकळी २५,५०० फेरे मारेल. पंख्याचं ओझं आल्यावर त्यातले तीन चतुर्थांश ते चार पंचमांश उरतात. म्हणजे २०,००० धरू.

पंख्यावर ६×४ लिहिलेलं असतं. व्यास ६ इंच, आणि ४ इंच म्हणजे पिच: पंखा लोण्यात स्क्रूसारखा घुसला तर एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल ते अंतर. ४ इंच म्हणजे ०.१०१६ मीटर. त्याला २०,०००ने गुणा, ६०ने भागा, सेकंदाला ३४ मीटर, म्हणजे ताशी १२२ किलोमीटर. हा पंख्याचा सैद्धांतिक वेग. बोट त्याच्या निम्म्यापासून साधारण साठ टक्क्यांपर्यंत पोचते. ६० ते ७५ किलोमीटरची अपेक्षा ठेवा आणि ६५ मिळाले तर खूश व्हा.

अशा जोडीला ४० अँपिअरचा ईएससी पुरतो. करंट २५ ते ३० अँपिअरपर्यंत जाईल. वॉटमीटर लावून काठावर एकदा मोजल्याशिवाय पाण्यात सोडू नका. २२०० एमएएचची बॅटरी पूर्ण थ्रॉटलवर (रिमोटवरून मोटरला पूर्ण जोर देऊन) चार मिनिटांत आटोपते, सांभाळून चालवली तर सहा-सात.

वेग वाढवताना बहुतेक जण आधी व्यास वाढवतात. मी आधी पिच बघतो. व्यासाने सुरुवातीचा रेटा वाढतो, पिचने शेवटचा वेग. तुमची बोट सहज उचलली जात असेल पण पुढे वेगच घेत नसेल, तर पिच वाढवा. उचललीच जात नसेल तर व्यास वाढवा, किंवा त्याहून बरं, वजन उतरवा.

हलका, रुंद पात्यांचा पंखा लावला तर?

तो मंद उडणाऱ्या विमानांसाठी असतो. एपीसी कंपनीच्या ‘स्लो फ्लायर’ पंख्यांना कमाल फेऱ्यांची मर्यादा आहे: ६५,००० भागिले इंचातला व्यास. ६ इंचाला ती ११,००० फेऱ्यांच्याही खाली येते. वरच्या उदाहरणात आपण २०,००० फिरवतो आहोत. पातं सुटलं तर ते कुठे जाईल याचा विचार करा आणि दुसरा पंखा घ्या.

पंखा उलटा बसवलाय हे कसं ओळखायचं?

अक्षरं ज्या बाजूला छापलेली असतात ती बाजू बोटीच्या जाण्याच्या दिशेला, म्हणजे नाकाकडे. मोटर पुढे ढकलो की ओढो, नियम हाच. फिरण्याची दिशा चुकत असेल तर मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा. उलटा बसवलेला पंखाही वारा मारतो, फक्त निम्मा, म्हणून ही चूक आठवडाभर लक्षात येत नाही. एक सावधगिरी: उलट फिरवल्यावर पंख्याचा नट आपोआप सैल होण्याची दिशा मिळू शकते. नायलॉनचं कडं असलेला नट वापरा आणि प्रत्येक बॅटरीनंतर हाताने तपासा.

थ्रॉटल दिला की बोट नाक पाण्यात घुसवते. का?

कारण तुम्ही तिला डोक्यावर ढकलताय. उभ्या माणसाला खांद्याला धक्का दिला की तो पुढे झुकतो, तसंच हे.

आकड्यात बघा. पंख्याचा रेटा ८ न्यूटन आहे आणि पंख्याचा मध्य बोटीच्या गुरुत्वमध्याच्या १५ सेंटिमीटर वर आहे. नाक दाबणारा पीळ १.२ न्यूटन-मीटर झाला. ८०० ग्रॅमच्या बोटीसाठी हे गुरुत्वमध्य एकदम १५ सेंटिमीटर पुढे सरकवण्यासारखं आहे. बोटीची लांबीच ६०. मग ती नाक घुसवणार नाही तर काय करेल?

म्हणून एअरबोटीत वजन मागे ठेवतात, पाण्यातल्या पंख्याच्या बोटीपेक्षा बरंच मागे. मी गुरुत्वमध्य मागच्या कडेपासून लांबीच्या ३५ टक्क्यांवर ठेवून सुरुवात करतो आणि बॅटरी पुढे-मागे सरकवायला वेल्क्रोची लांब पट्टी चिकटवतो. मनोरा शक्य तितका बुटका करा. पंख्याचं टोक डेकपासून एक-दीड सेंटिमीटर वर असलं तरी पुरतं. तिसरा उपाय मोटर तिरपी करण्याचा: मागच्या वॉशरने दोन-तीन अंशांचा असा कल द्या की रेट्याची रेषा पुढे जाताना किंचित खाली उतरेल आणि गुरुत्वमध्याच्या जवळून जाईल. पंख्याचा वारा तेव्हा मागे किंचित वर फेकला जातो.

आणि थ्रॉटल एकदम ठोकू नका. दोन सेकंद घ्या.

वजन मागे नेलं, तर आता बोट ढुशा मारत चालते.

मग जास्त मागे गेलं. नाक उठतं, आपटतं, पुन्हा उठतं. बॅटरी एकेक सेंटिमीटर पुढे आणा. तरी थांबलं नाही तर तळाला स्टीलची पट्टी लावून बघा, पोट फुगलेलं सापडेल.

पूर्ण वेगात असताना बोट नाक उचलून मागे उलटते. मोटर कमी करू का?

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर कळलं की तुम्ही एअरबोट बांधणारे झालात.

सपाट तळाची बोट म्हणजे बुटका, रुंद पंख आहे. ६० गुणिले ३० सेंटिमीटर म्हणजे ०.१८ चौरस मीटर. ताशी ७२ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला २० मीटरला, समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला २४० न्यूटन होतो. नाक काही अंश वर असेल आणि उचल-गुणांक (आकार आणि कोनावरून उचल ठरवणारा आकडा) फक्त ०.२ धरला, तरी उचल साडेआठ न्यूटनच्या पुढे जाते. ते ८८० ग्रॅम झाले. तुमची बोट ८०० ग्रॅमची. म्हणजे ती आता बोट राहिलेली नाही. आणि विमानाला शेपूट असतं, ते नाक सावरतं. इथे शेपूटच नाही.

भर म्हणून ही उचल बोटीच्या पुढच्या भागात जास्त लागते. नाक जरा उठलं की उचल वाढते, उचल वाढली की नाक अजून उठतं. एवढ्या वेळात बोटाने काही करता येत नाही. डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड के७’ ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधल्या कॉनिस्टन वॉटरवर ताशी ४८० किलोमीटरपेक्षा जास्त वेगात अशीच नाक उचलून उलटली, आणि त्यात त्यांचा जीव गेला. तीही तीन टेकूंची बोट होती, आणि पाण्यात पंखा नसलेली, जेटवर चालणारी.

आता मॉडेलवाल्यांना चकवणारा भाग. बोट वेगात आहे, नाक उठल्यासारखं वाटतं, आपण घाबरून थ्रॉटल शून्यावर आणतो, आणि नेमकी तेव्हाच ती उलटते. का? आधीच्या एका उत्तरातला तो नाक दाबणारा पीळ आठवा. पूर्ण वेगात नाक खाली धरून ठेवणारा तोच होता. थ्रॉटल तोडला की तो क्षणात जातो. वर फुकट फिरणारा पंखा आता उंचावरून मागे ओढायला लागतो, म्हणजे उलट नाक उचलायला मदतच करतो. वेग मात्र अजून तेवढाच, उचलही तेवढीच. माझ्या पहिल्या तीन उलट्या तिन्ही अशा झाल्या, आणि तिन्ही वेळा मी दोष वाऱ्याला दिला.

तेव्हा काय करायचं ते असं. थ्रॉटल सैल करा, सोडू नका. वेग उतरेपर्यंत तिसऱ्या हिश्श्यावर धरून ठेवा. रिमोटमध्ये थ्रॉटल हळू उतरण्याची सोय असेल तर कमी होण्याचा वेळ अर्ध्या सेकंदापर्यंत ठेवा. मोटर एकदम तोडायला मात्र वेगळा स्विच ठेवाच. समोरच्या वाऱ्यात कमाल वेगाची धाव घेऊ नका: वारा ताशी २० चा असेल तर बोटीला ६० नव्हे, ८० ची हवा लागते, आणि उचल वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६०चा वर्ग आणि ८०चा वर्ग काढून बघा, जवळपास पावणेदोन पट होते.

बांधणीत उपाय हे: नाकाचा डेक चापट आणि पुढे उतरता ठेवा, नाकाखाली हवा कोंडणारी मोठी जागा ठेवू नका, पुढची रुंदी मागच्यापेक्षा कमी करा. मागे, पंख्याच्या वाऱ्यात आडवी पट्टी लावली तर तीच तुमचं शेपूट होते. मी रडरांच्या मध्ये १५ सेंटिमीटर रुंदीची एक आडवी पट्टी बसवतो, मागची कड किंचित खाली. मागे उचल, म्हणजे नाक खाली. थ्रॉटल असताना ती जास्त काम करते, नसताना कमी, हा तिचा तोटा लक्षात ठेवा.

मोटर कमी करायची गरज सगळ्यात शेवटी.

सरळ चालवताना एका बाजूला का कलते?

मोटर पंख्याला फिरवते, तेव्हा पंखा बोटीला उलट दिशेला फिरवायला बघतो. एक बाजू पाण्यात जास्त दबते, तिथे ओढ वाढते आणि बोट त्या बाजूला वळते. बॅटरी दुसऱ्या बाजूला एक-दोन सेंटिमीटर सरकवली की बहुतेक काम होतं. रडरने दुरुस्त करत राहिलात तर थ्रॉटल बदलला की पुन्हा वाकडी जाईल. दोन मोटरी विरुद्ध दिशेला फिरवल्या की पीळ उरतच नाही, पण वजन, खर्च आणि वायरी दुप्पट.

वळताना बाहेरच्या बाजूला आडवी पडते.

रडर पंख्यामागे उंचावर आहे. डावीकडे वळायला तो शेपटाला उजवीकडे ढकलतो, आणि उंचावरून ढकलल्यामुळे बोटीला उजवीकडे कलवतोही. म्हणजे वळणाच्या बाहेर. बाहेरची धार पाण्यात रुतते, बोट अडखळते, पलटी.

बाजूची खालची धार ४५ अंशात तासून टाका, म्हणजे बोट रुतण्याऐवजी आडवी घसरते. मागची धार मघाशी धारदार ठेवायला सांगितली आणि बाजूची तासायला सांगतोय, गोंधळू नका: मागची पाणी सोडण्यासाठी, बाजूची पाण्याला पकड न देण्यासाठी. रडर बुटके आणि लांबट करा. रुंदी वाढवा. आणि वळणाआधी वेग उतरवा, फक्त वळणात थोडा थ्रॉटल ठेवा. का ते पुढच्या उत्तरात.

थ्रॉटल सोडला की बोट ऐकतच नाही. सर्व्हो खराब आहे का?

सर्व्हो ठीक आहे. रडरवर पंख्याचा वारा आहे तोवरच तो काम करतो. वारा थांबला की बोट बर्फावरच्या साबणासारखी, जिकडे निघाली तिकडे. काठ जवळ आला, घाबरून थ्रॉटल शून्य केला, आणि पूर्ण वळलेल्या रडरनिशी बोट सरळ दगडांत, हे प्रत्येकाचं एकदा होतं. वळायचं तर जोर द्यावा लागतो. पहिल्या दिवशी निम्म्या थ्रॉटलवर आठाचे आकडे काढत बसा, एवढ्यासाठीच.

रडर दोन ठेवा, पंख्याच्या मध्यरेषेच्या दोन बाजूंना, उंची पंख्याच्या व्यासाएवढी. बिजागर ढिली असली तर वेगात रडर फडफडतो आणि सर्व्होचे दात खातो. धातूच्या दातांचा ९ ग्रॅमचा सर्व्हो पुरतो.

ब्रेक किंवा रिव्हर्स लावता येतो?

दोन्ही दिशांना फिरवणारा ईएससी मिळतो. हळू वेगात काठावरून मागे यायला बरा. पूर्ण वेगात रिव्हर्स मारलात तर उंचावरचा रेटा मागे लागेल. मागे उलटण्याविषयीचं वरचं उत्तर पुन्हा वाचा.

फोम कोणता आणि चिकटवायचा कशाने?

६ मिलिमीटरचा डेप्रॉन किंवा तत्सम दाट एक्स्पीएस (पॉलिस्टायरीन) फोम. मोटरच्या खाली आणि सर्व्होच्या जागी ३ मिलिमीटरचा प्लाय. साधा सायनो गोंद (सुपरग्लू) पॉलिस्टायरीन फोमला खाऊन टाकतो, फोमसाठीचा वेगळा येतो. पॉलिएस्टर रेझिनही तेच करतो, इपॉक्सी करत नाही. स्प्रे रंगाचाही भरवसा नाही, तुकड्यावर आधी मारून बघा. तळाला चौरस मीटरला २५ ग्रॅमचं काचकापड आणि इपॉक्सी लावलं की बोट दगडगोट्यांना तोंड देते. इपॉक्सी ओतू नका, जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून काढा. कापडाची वीण दिसत राहिली पाहिजे.

सगळी बोट थ्रीडी प्रिंट केली तर?

होईल, जड होईल. रडर, जाळीचे कंस, सर्व्होचा पाळणा प्रिंट करा. मोटरचा माउंट पीएलए प्लास्टिकमध्ये करू नका, तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि तापलेली मोटर, वर ऊन, एवढं सहज गाठतात.

ईएससीला पाण्याची कूलिंग लागते?

नाही. पंख्यापाशी वारा फुकट आहे. ईएससी मनोऱ्याच्या पायाशी उघड्या हवेत बांधा, फक्त पंख्याच्या थेट पुढे नको. फिरत्या पात्यांसमोर जे काही येतं त्याने जोर कमी होतो आणि भोंग्यासारखा आवाज सुरू होतो. मनोऱ्याच्या दांड्या गोल नको, निमुळत्या हव्यात, तेही त्याचसाठी.

सिग्नल जातो असं वाटतं.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जवळजवळ जात नाहीत आणि पाण्याच्या लगत लवकर क्षीण होतात. अँटेना डेकच्या वर, उभी, कार्बनच्या नळीपासून दूर ठेवा. रिसीव्हर डबीत बंद करा. फुग्यात घालून गाठ मारण्याची जुनी युक्ती अजून चालते, पण आत ओल राहिली तर तीच घात करते.

फेलसेफ (सिग्नल गेला की मोटर थांबवणारी सोय) लावाच, आणि खरा तपासा: बोट हातात घट्ट धरून, पंखा काढून, रिमोट बंद करा. मोटर थांबली पाहिजे. काही रिसीव्हर कारखान्यातून ‘शेवटची स्थिती धरून ठेवा’ असे येतात. म्हणजे सिग्नल गेला तर बोट पूर्ण थ्रॉटलवर पलीकडच्या काठाला निघून जाते.

पंख्याला जाळी खरंच लागते का? वेग कमी होतो.

होतो, थोडा. लावा. ६ इंची पंख्याचं टोक २०,००० फेऱ्यांना सेकंदाला १६० मीटरने जातं, ताशी पावणेसहाशे किलोमीटर. बोट उचलायला पुढे झालेल्या हाताला ते दिसतही नाही. बॅटरी जोडताना पंख्याच्या मागे किंवा त्याच्या पातळीत उभं राहू नका, आणि पाण्यातून बोट घेताना आधी थ्रॉटल-लॉकचा स्विच, मग हात. स्पर्धेच्या बोटीवर जाळी नसते हे खरं, पण तिथे आजूबाजूला पोरं धावत नसतात.

पोहणारे, होड्या आणि पक्षी असलेल्या पाण्यात वेगाची धाव नको. पहाट सगळ्यात चांगली: पाणी आरशासारखं, वारा शून्य. आवाज मात्र लांब जातो, शेजारी झोपलेले असतात.

वेग कसा मोजू?

छोटा जीपीएस लॉगर बोटीत टाका. पण एका क्षणाचा सर्वोच्च आकडा धरू नका, सिग्नल उडी मारतो. दोन-तीन सेकंद टिकलेला वेग धरा, जाण्या-येण्याच्या दोन्ही दिशांची सरासरी काढा. जीपीएस नसेल तर काठावर ५० मीटरवर दोन खुणा आणि मोबाइलचा व्हिडिओ. ३ सेकंदांत पार केली तर ताशी ६०. डोळ्याचा अंदाज नेहमी दीडपट असतो, माझाही.

बोट पाण्यात उलटी पडली. आता?

आत पोहत जाऊ नका. तलाव ओळखीचा असला तरी. मासेमारीची रीळ आणि टोकाला टेनिस बॉल, किंवा दुसरी जुनी बोट, एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं. मनोऱ्याच्या वरच्या टोकाला फोमचा गोळा लावला तर उलटी पडलेली बोट तिरकी तरंगते आणि दिसत राहते.

बाहेर आली की बॅटरी आधी काढा. खारं पाणी असेल तर सगळं गोड्या पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. ब्रशलेस मोटरला पाण्याचं वावडं नाही, तिच्या बेअरिंगना आहे: वाळवून तेलाचा थेंब द्या. लायपो फुगली, ठेचली किंवा तिचं वेष्टन फाटलं असेल तर ती गाडीत, घरात नेऊ नका. उघड्यावर, जळणार नाही अशा जागी काही तास बाजूला ठेवा, आणि पुन्हा कधी चार्ज करू नका. धडधाकट बॅटरीसुद्धा सेलला ३.३-३.४ व्होल्टवर थांबवावी, ३च्या खाली कधी नाही, आणि आठवडाभर चालवणार नसाल तर ३.८वर ठेवावी.

आता ६० वरून ७२ वर जायचंय. ४एस बॅटरी लावू?

वेग २० टक्के वाढवायचा तर हवेच्या अडथळ्यासाठी ताकद १.२ चा घन, म्हणजे १.७३ पट लागते. ४एसने ती मिळेल, पण त्याच ६×४ पंख्याने मोटर आणि ईएससी दोन्ही जळतील. पंखा ५ इंची करा, करंट पुन्हा मोजा. त्याआधी एक स्वस्त प्रयोग: बोटीतून ८० ग्रॅम काढा, तळाला पट्टी लावून घासा, पंखा संतुलित करा. पंखा आडव्या दांडीवर ठेवला की जड पातं खाली जातं, हलक्याच्या मागच्या बाजूला सेलोटेपचा तुकडा लावा. माझ्या शेवटच्या बोटीत ६१ वरून ६७ एवढं यातूनच आलं, बॅटरी तीच होती.

आणि वेग वाढवला की गुरुत्वमध्य पुन्हा शोधावा लागतो. ६० ला बरोबर असलेली बॅटरीची जागा ७२ ला बरोबर नसते. पेन्सिलने डेकवर खूण करत जा.